रावबहादूर बोले आणि सार्वजनिक पाणवठा

कायदेमंडळाच्या सभासदाची कीर्ती ही मोठी अल्पायुषी वस्तू आहे. निवडणूक होते, भाषणे होतात, प्रश्नोत्तरे झडतात, त्यांचे जाडजूड इतिवृत्त छापून निघते, आणि मग त्यातील पाने सहसा कोणी उलटीत नाही. १९२१ पासून १९३७ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात कितीतरी सभासद आले आणि गेले. त्यांपैकी किती जणांची नावे आज सुशिक्षित कुटुंबांतूनही ऐकू येतील? दादरला सिद्धिविनायकाच्या देवळाजवळून जाणाऱ्या रस्त्याला त्यांपैकी एकाचे नाव दिलेले आहे. पण रस्त्याच्या पाटीवरून माणसाची ओळख पटत नसते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांची खरी ओळख अवघ्या चार ओळींच्या एका ठरावात आहे. तो ठराव कसा आला, तो काय करू शकला आणि काय करू शकला नाही, हे पाहू लागले म्हणजे एका सभासदाच्या कारकिर्दीबरोबरच कागद आणि पाणी यांमधील अंतरही आपल्या ध्यानात येते.

बोले यांचा जन्म १८६८ सालचा. ते भंडारी समाजातले. माडाची माडी काढणे हा या समाजातील अनेकांचा पिढीजात धंदा. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा झाला, झाडांवरील कर चढला, दारूच्या मक्त्याची पद्धत बदलली, आणि किनारपट्टीवरील या कष्टाळू जातीच्या पोटावर तो कायदा थेट येऊन आदळला. कायदा ही कचेरीत राहणारी वस्तू नसून ती माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचते, हे भंडारी कुटुंबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. बोले यांनी आरंभी आपल्या ज्ञातीत शिक्षणप्रसाराचे व सुधारणेचे काम केले. परंतु त्या पिढीतील पुष्कळ ज्ञातिसुधारक जसे ज्ञातीच्या कुंपणातच अडकून पडले, तसे ते पडले नाहीत.

याची एक खूण १९०७ साली दिसते. त्या वर्षी मुंबईत एका महार कुटुंबातील मुलगा मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उतरला. ही गोष्ट इतकी अपूर्व होती, की त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरविण्यात आली. सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी तेथे बोलले, आणि आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी त्या मुलाला भेट दिले. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ही सभा पुढे इतिहासाची झाली खरी. पण त्या दिवशी ती भरविणाऱ्यांच्या दृष्टीने ते केवळ एका हुशार मुलाच्या पाठीवर थाप देणे होते. वीस वर्षांनी त्याच मुलाने अध्यक्षांच्या एका कोरड्या ठरावात प्राण फुंकावा, हा योगायोग कादंबरीत कोणी घातला असता, तर वाचकांनी तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

१९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तीत बोले प्रमुख होते. त्या काळच्या गिरणीची कल्पना आज सहज येणार नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यापासून सूर्यास्ताचा अडसर उरला नव्हता, आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत चौदा चौदा, पंधरा पंधरा तास काम चाले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ साली तो अकरा तासांवर आला. या दोन आकड्यांमधल्या वर्षांत अर्ज, सभा आणि निवेदने यांचे जे काम झाले, त्यात या सभेचाही वाटा होता. पुढील काळातील लढाऊ युनियनच्या मापाने ती सभा मोजली, तर ती फार सौम्य वाटते. ती चालविणारे बहुतेक गिरणीबाहेरचे शिकलेले लोक होते. कामगाराचे कर्ज, व्यसन, अज्ञान यांकडे त्यांचे लक्ष पगाराइतकेच असे. संपापेक्षा समेट त्यांना प्रिय होता. हा सौम्यपणा बोले यांच्या साऱ्या सार्वजनिक आयुष्यात आढळतो. सरकारने त्यांना रावबहादूर केले, यातही नवल नाही. नवल आहे ते पुढेच.

१९१९ च्या सुधारणांनी मुंबईचे नवे कायदेकौन्सिल निर्माण झाले. एकूण सभासद १११, त्यांपैकी ८६ लोकनियुक्त. मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव. आणि साऱ्या इलाख्यातील अस्पृश्य वर्गासाठी आरंभी सरकारनियुक्त अशी एकच जागा. मताचा अधिकार मालमत्तेवर आणि करावर अवलंबून असल्यामुळे गावातील बहुसंख्य माणसे मतदारांच्या यादीबाहेरच होती. राज्यकारभाराचे दोन भाग पाडले होते. जमीनमहसूल, पोलीस वगैरे खाती गव्हर्नर व त्याचे मंडळ यांच्या हाती, तर शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती कौन्सिलास जबाबदार असलेल्या दिवाणांच्या हाती. असहकारितेमुळे काँग्रेसने पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. त्यामुळे पहिल्या कौन्सिलात मवाळ, ब्राह्मणेतर पुढारी, जमीनदार, व्यापारी अशा मंडळींचा भरणा झाला, आणि राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्या सभागृहाची यथेच्छ थट्टा केली. थट्टेला जागा होती. सभासदांनी ठराव करावा आणि सरकारने तो वाटल्यास मानावा, अशी ती व्यवस्था. ठराव म्हणजे शिफारस, आज्ञा नव्हे.

अशा या सभागृहात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याचा आशय असा, की सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गास करू द्यावा.

ठरावाची बांधणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. त्यात धर्मशास्त्राचा शब्द नाही. माणुसकीचे आवाहन नाही. देवळाचे नाव नाही, खाजगी विहिरीचेही नाही. सारा भार एकाच गोष्टीवर टाकलेला आहे: पैसा कोणाचा? महार, चांभार, मांग हेही सरकारदेणे देतात, बाजारात घेतलेल्या प्रत्येक वस्तूतून अप्रत्यक्ष कर भरतात. मग त्यांच्याही पैशातून बांधलेल्या विहिरीच्या काठावर त्यांनी घडा घेऊन ताटकळत का उभे राहावे? अस्पृश्यतेवर त्यापूर्वी पुष्कळ विद्वत्ता खर्च झाली होती. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला; शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात आपल्या अधिकाराने सार्वजनिक जागा मोकळ्या केल्या; विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशनने शाळा काढल्या. परंतु घरमालकाची इच्छा, राजाची आज्ञा किंवा परोपकाऱ्याची करुणा यांपैकी कशावरही न विसंबता, करदात्याचा हक्क या नात्याने हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळापुढे मांडणे, हे बोले यांचे काम. शास्त्रार्थ काढला असता, तर त्याच सभागृहात शास्त्राचे दहा वकील उभे राहिले असते. हिशेबाच्या वहीला उत्तर देणे मात्र कठीण होते. सौम्य माणसाने घातलेला हा घाव मर्मी लागला, याचे कारण ही निवड होय.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी ठराव स्वीकारला आणि आपापल्या ताब्यातील जागांपुरती अंमलबजावणी करण्यास खात्यांच्या प्रमुखांना सांगितले. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र भाषा एकदम मृदू झाली. कलेक्टरांनी या संस्थांना शिफारशीचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच. आता गावोगावचे पाणवठे मुख्यत्वे होते कोणाच्या ताब्यात? याच नगरपालिकांच्या आणि याच बोर्डांच्या. म्हणजे जेथे पाणी होते, तेथे केवळ सल्ला होता.

मुंबईहून निघालेला असा सल्ला इलाख्याच्या दूरच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याचे काय होत असेल, हे पाहावयास पश्चिम खानदेशाकडे वळावे. आजचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली अस्तित्वात आला. बोले यांच्या काळी नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर हा सारा मुलूख, १९०६ साली खानदेशाचे दोन भाग पडल्यापासून, धुळे हे मुख्य ठाणे असलेल्या पश्चिम खानदेशात मोडे. तापीकाठच्या सपाट, काळ्या जमिनीच्या गावांत लोकल बोर्डाची विहीर, बोर्डाची शाळा, दवाखाना, कचेरी या वस्तू होत्या, आणि म्हणून कागदोपत्री ठराव त्यांना लागू होता. तेथून उत्तरेकडे सातपुडा चढू लागले, की कागद विरळ होत जाई. काठी, चिखली, गव्हाळी अशी लहान मेवासी संस्थाने तेथे होती, आणि इलाख्याचे सर्वसाधारण कायदे त्यांना सरसकट लागू नव्हते. डोंगरातील भिल्ल, पावरा झऱ्याचे आणि नदीचे पाणी पिई. सार्वजनिक पैशाची विहीर सर्वांना खुली करा, असे म्हणावयाचे तर आधी सार्वजनिक पैसा तेथवर गेला पाहिजे! बोले यांच्या युक्तिवादाची ही एक मर्यादा होती, आणि ती त्यांच्या हेतूतली नसून राज्यव्यवस्थेतली होती. कौन्सिलात डोंगराचा आवाज जवळजवळ नव्हताच. १९३५ च्या कायद्याने मुंबईची नवी असेंब्ली १७५ जागांची केली, तेव्हाही मागासलेले प्रदेश व जमाती यांच्यासाठी साऱ्या प्रांतात एकच जागा राखून ठेवण्यात आली.

सपाटीवरील गावांतही ठरावाने फारसे काही हलले नाही. काही नगरपालिकांनी तो मान्य केला. कुलाबा जिल्ह्यातील महाडची नगरपालिका त्यांपैकी एक. ५ जानेवारी १९२४ रोजी तिने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. पुढे तीन वर्षे त्या तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी प्यायला नाही. नगरपालिकेचे कर्तव्य झाले, तळे होते तेथेच राहिले.

बोले यांना हे दिसत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी, म्हणजे पहिल्या ठरावानंतर बरोबर तीन वर्षांनी, ते पुन्हा कौन्सिलापुढे आले. या वेळी मागणी अशी, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पूर्वीचा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. युक्तिवाद तोच, पैशाचा. फक्त आता त्याला धार आली होती. सार्वजनिक पैसा घेता, तर सार्वजनिक रीतीने वागा. हाही ठराव मंजूर झाला. सभासद म्हणून बोले यांचा विशेष गुण कोणता, असे विचारल्यास हाच सांगावा लागेल. ठराव मंजूर झाला की हार घालून घेऊन घरी जाणारे सभासद पुष्कळ असतात; तीन वर्षांनी परत येऊन, त्याचे काय झाले, असे विचारणारा विरळा.

याच १९२६ साली ग्रामजोशांच्या हक्काबाबतचा कायदा झाला, त्याच्याशीही बोले यांचे नाव निगडित आहे. गावच्या वतनदार जोशाला न बोलाविता दुसऱ्याकडून, किंवा भटाशिवायच, लग्न लावले, तरी तो जोशी आपली दक्षिणा कोर्टातून वसूल करू शके. मुंबईच्या हायकोर्टाचा १८७४ सालचा निवाडा त्याच्या बाजूचा होता. सत्यशोधक मंडळींचे या प्रश्नावर अर्धशतक भांडण चालले होते. १९२६ च्या कायद्याने, जे काम केले नाही त्याचे मोल मागण्याचा हा हक्क नाहीसा केला. या दोन कामांची तुलना बोधप्रद आहे. जोशाचा कायदा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोकांना काही करावयाचे नव्हते. केवळ पैसे द्यावयाचे नव्हते. पाणवठ्याचा ठराव याच्या नेमका उलट. तो खरा होण्यासाठी कोणीतरी उठून, गावाच्या डोळ्यांदेखत चालत जाऊन, ओंजळ भरावी लागणार होती. ती ओंजळ कौन्सिलाला भरता येत नाही.

ती भरली गेली २० मार्च १९२७ रोजी. महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. डॉक्टर आंबेडकर अध्यक्ष. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने त्यांना कौन्सिलाचे सभासद नेमले होते, म्हणजे ते आता बोले यांचे सहकारी होते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी परिषदेमागे होती. परिषदेतील लोक रांगेने तळ्यावर गेले. डॉक्टरांनी पाणी घेतले, मग इतरांनी. या कृतीला आधार कोणता होता? नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, आणि त्याच्या मुळाशी असलेला बोले यांचा ठराव. सत्याग्रही कायदा मोडण्यास गेले नव्हते. मंजूर झालेल्या गोष्टीचा उपयोग करण्यास गेले होते. परतताना, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली, आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळे शुद्ध करण्यात आले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. तारीख पाहा: बोले यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावून १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तळे हे स्पृश्य हिंदूंचे असून अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची अनादि रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या महिन्यात परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, पण कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब करण्यात आले. मग दहा वर्षे दावा चालला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ साली, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ साली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी विरोधकांचे अपील फेटाळले. चार-पाच एकरांचे ते तळे, भोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यांपलीकडे घरे. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले. अस्पृश्य तेथे आजवर आले नव्हते, एवढ्यावरून त्यांना अडविण्याची अनादि रूढी सिद्ध होत नाही, हा त्या निकालाचा गाभा. १९२३ साली हिशेबाच्या वहीतून काढलेला मुद्दा चौदा वर्षांनी कोर्टाच्या कसोटीवर उतरला.

तथापि महाडला पुढारी होते, वकील होते, वृत्तपत्रे होती. ज्या गावात यांपैकी काहीच नव्हते, तेथील स्थिती सरकारनेच नेमलेल्या स्टार्ट कमिटीने १९३० च्या अहवालात स्पष्ट लिहिली आहे. अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी जमाती या दोहोंची पाहणी करण्यासाठी १९२८ साली ही कमिटी नेमली गेली. डॉक्टर आंबेडकर, डॉक्टर सोळंकी, ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. हक्क बजावण्यात पहिली अडचण उघड मारहाणीच्या भीतीची, असे कमिटी म्हणते, दुसरी, पोटाची. अस्पृश्य माणूस ज्याच्या विहिरीवर हक्क सांगणार, त्याच्याच शेतावर तो मजुरी करतो किंवा त्याचीच जमीन कुळाने कसतो. हक्काचे नाव काढताच जमीन सुटते, मजुरी तुटते, गावकीचे बलुते बंद होते. बहिष्कार तर असा पद्धतशीर, की नेहमीची पायवाट बंद होते आणि गावचा वाणी मीठमिरचीही देत नाही. अनुदान बंद करण्याचा बोले यांचा उपाय बोर्डावर चालणारा होता. वाण्याच्या दुकानावर तो चालत नव्हता.

त्या कौन्सिलात बिनसरकारी सभासदांनी केलेली आणखीही कामे सांगता येतील. असवले यांच्या विधेयकातून १९२९ साली गिरणीतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देणारा कायदा झाला, आणि तसा तो हिंदुस्थानात पहिलाच. तो कायदा होता, त्यात मालकावर बंधन होते. बोले यांच्या ठरावांत तसे बंधन कोठेच नव्हते, आणि तरीही त्या सभागृहाच्या साऱ्या कागदपत्रांपैकी पुढे सर्वांत अधिक उद्धृत झाला तो हाच कागद.

१९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून चालविलेल्या अशा जागांचा उपयोग करण्यास कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून मज्जाव करता येत नाही. १९२३ चा ठराव डोळ्यांपुढे ठेवून हे शब्द वाचावेत. १९५५ साली या मज्जावाला शिक्षा ठरविणारा कायदा झाला. रावबहादुरांनी तेव्हा पंच्याऐंशी ओलांडली होती. १९६१ साली ते वारले.